घरातला एकच कॉम्प्युटर

मी लिहावं की नाही हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही आणि तरी लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आठवणी लिहायच्या तर माणसाचं वय झालेलं असावं, नाहीतर त्याने काही करून दाखवलेलं असावं. माझं यातलं काहीच नाही. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी, एवढीच माझी पात्रता. विषयही लहान आहे. घरचा जुना कॉम्प्युटर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, हे आम्हाला गेल्या पावसाळ्यात ठरवायचं होतं. ते ठरवताना मला जे वाटत होतं ते मी कोणाला सांगितलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे. वाचणाऱ्याने मोठ्या मनाने घ्यावं.

आम्ही मूळचे वाशीम जिल्ह्यातले. बाबा दुधाचा टेम्पो चालवतात, आई एका पाळणाघरात स्वयंपाक करते. कात्रजला दोन खोल्यांत आम्ही चौघं राहतो. चौथी म्हणजे माझी धाकटी बहीण. पुण्यात आलो तेव्हा ती तिसरीत होती आणि मी सहावीत. त्यामुळे ती पुण्याचं मराठी बोलते आणि मी विचार करून बोलतो. शाळेत मी एकदा सरांना 'पानी पिऊ का' विचारलं, तेव्हा वर्ग हसला होता. तिला कोणी कधी हसलेलं मला माहीत नाही.

कॉम्प्युटर आला तेव्हा मी दहावीत होतो. कोथरूडच्या एका क्लासने जुनी यंत्रं काढून टाकली. त्यांच्याकडे बाबा दूध टाकत, तिथून त्यांनी एक आणला. रिकाम्या क्रेटच्या मधोमध, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. पहिला आठवडाभर त्याला दुधाचा वास येत होता. आईने त्याला कुंकू लावलं आणि नारळ त्याच्यावरच फोडायला निघाली, तेव्हा बाबांनी तिला उंबऱ्यावर फोडायला लावला. तेव्हापासून दर दसऱ्याला गावाकडे विळा-कोयत्याची होते तशी आमच्याकडे टेम्पोची आणि कॉम्प्युटरची पूजा होते. पुढून स्वस्तिक, वरून झेंडूची फुलं, अक्षता आणि आपट्याची पानं. सुतकात तेवढा आम्ही त्याला हात लावला नाही, आणि बहिणीची ऑनलाइन शाळा नेमकी त्याच दिवसांत असल्यामुळे तिचा तेव्हा खूप गोंधळ झाला होता.

आता हेव्याबद्दल.

धाकट्याला मोठ्याचं जुनं मिळतं, अशी सगळीकडे रीत आहे. आमच्या घरात ती उलटी झाली. दहावीनंतर काय घ्यायचं हे आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हतं. बाबांनी खालच्या किराणा दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, कॉमर्स बरं, कुठेही चालतं. म्हणून मी कॉमर्स घेतलं. कॉम्प्युटरचं शिकायचं तर सायन्स घेतलेलं असलं की आणखी बरीच दारं उघडी राहतात, हे मला बारावीच्या शेवटी एका मित्राकडून कळलं. मग जे दार उघडं होतं त्यातून, चार वर्षांच्या कॉम्प्युटरच्या पदवीला गेलो. माझी पुस्तकं जुन्या आवृत्तीची असत, कारण नवी आवृत्ती निघाली आहे हे सांगणारं कोणी नव्हतं. शिष्यवृत्तीची मुदत पहिल्या वर्षी हुकली, कारण तशी काही मुदत असते हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

बहिणीचं असं काहीच झालं नाही. तिने सायन्स घ्यायचं, गणित सोडायचं नाही, हे मी सांगितलं. तिची पुस्तकं मी आणली, नवी, बरोबर आवृत्तीची. तिच्या मुदती मला पाठ असत. तिला घरांचे नकाशे काढायची आवड आहे हे माझ्या लक्षात आलं आणि आर्किटेक्चर नावाचं शिक्षण असतं हेही मीच तिला सांगितलं. प्रवेश परीक्षेला मी तिला घेऊन गेलो आणि ती आत असताना बाहेर रसवंतीच्या बाकावर बसून राहिलो. तिथे बसलेला असताना मला पहिल्यांदा नीट कळलं की मला तिचा हेवा वाटतो. तिच्या मार्कांचा नाही, हुशारीचाही नाही. तिला एक दादा होता. मला नव्हता.

यावर कोणी म्हणेल, तो दादा तूच ना. हो, मीच. त्याने काही कमी होत नाही, उलट वाढतं.

परीक्षेचा निकाल चांगला आला आणि सुट्टीत ती कॉम्प्युटरवर घर उभं करायचं शिकायला लागली. नकाशा काढायचा, मग भिंती वर उचलायच्या, अशी ती गंमत असते. ती आमच्याच दोन खोल्या काढत होती. स्वयंपाकघराची भिंत उभी राहिली की पंखा घरघरायला लागे आणि पोटमाळ्यापर्यंत पोचायच्या आत कॉम्प्युटर बंद पडे. बाबा पहाटे निघतात आणि दुपारी येऊन त्याच खोलीत झोपतात. घरघर सुरू झाली की ते कूस बदलायचे, आई दारातून बोट तोंडावर ठेवायची आणि बहीण बिचारी माऊस सोडून हात मांडीवर घेऊन बसायची. मलाही कॉलेजचा शेवटचा प्रकल्प त्याच्यावरच करायचा होता. आमच्या वेळा वाटून घेतलेल्या होत्या, आणि तिच्या वेळेत कॉम्प्युटर बंद पडला की ती माझ्या वेळेतली थोडी मागत असे.

एका रविवारी जेवताना बाबांनी विषय काढला.

"तुले समजते यातलं," ते मला म्हणाले. "आमाले काय, चालू होते का नाही एवढंच दिसते. हा दुरुस्त करा लागते का नवा घ्या लागते, ते तू सांग. तू म्हनशीन तसं करू."

दोनपैकी एकच होणार होतं, हे चौघांनाही माहीत होतं. नवा घेतला तर एकच येणार होता आणि तो कोणाचा, हे बाबांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण मला ते दिसत होतं. तिचा आर्किटेक्चरला नंबर लागला तर नवा तिचा. माझं तर एकच वर्ष राहिलेलं. म्हणजे दुसऱ्याने वापरून टाकलेला कॉम्प्युटर मी वापरायचा आणि प्लास्टिकमधून काढलेला, नवेपणाचा वास न गेलेला कोरा, तिचा.

पुढचे काही दिवस मी कॉम्प्युटरची तपासणी करत होतो. खरं सांगायचं तर त्याच्या समोर नुसता बसून राहत होतो. कुठला भाग बदलता येईल, किती वर्षं चालेल, सगळं इंटरनेटवर वाचत होतो. प्रत्येक माहितीला मला दोन अर्थ दिसायचे. हा चालेल असं वाटलं की मनात यायचं, हे मला तिला नवा मिळू नये म्हणून वाटतंय का? आणि चालणार नाही असं वाटलं की यायचं, हे मला नव्यावर बसायला मिळावं म्हणून वाटतंय का?

बहिणीने मला तसं बसलेलं पाहिलं.

"दादा, तू त्याचा डॉक्टर आहेस की वारस?"

"वारसच हाये थो," आई आतून म्हणाली. "पाय ना कसा कुरवायते त्याले."

दोघी हसल्या. मीही हसलो, पण ते मला लागलं.

शेवटी मी कॅबिनेट उचललं, त्याच जुन्या लुगड्यात बांधलं आणि बसने कसबा पेठेत घेऊन गेलो. तिथे एका बोळात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, कॉलेजातल्या मुलाने सांगितलेलं. दुकानदार साधारण पन्नाशीचे. त्यांनी गाठ सोडली, पुढचं स्वस्तिक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग बाजूचा पत्रा काढला आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"हा कॉम्प्युटर आहे की देवघर?"

मी पुढे वाकून पाहिलं. आत सगळीकडे तांदूळ होते. काही पिवळे, काही कुंकवाचे. पंख्याच्या पात्यांत अडकलेले, बोर्डवर सांडलेले. वरच्या जाळीखाली वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्यांचा थर बसला होता आणि एका वायरीला आपट्याचं पान चिकटलेलं होतं. वरची जाळी म्हणजे आत हवा जायची वाट, आणि आई इतकी वर्षं नेमक्या त्याच वाटेने कॉम्प्युटरला अक्षता वाहत होती. मी दरवर्षी शेजारी हात जोडून उभा असायचो. कॉम्प्युटर शिकणारा मी, आणि माझ्याही कधी मनात आलं नव्हतं.

"थांबा," दुकानदार म्हणाले, "प्रसाद कुठे ठेवलाय का तेवढं बघतो."

आई चांगल्या मनाने करते, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"अहो, मग वाईट मनाने कोण अक्षता टाकतं?" असं म्हणून त्यांनी ब्लोअर लावला. दुकानाच्या दारात तांदळाचा आणि पाकळ्यांचा सडा पडला. एक चिमणी आली, तिने एक दाणा उचलला आणि पुन्हा टाकून दिला.

साफ केलेला कॉम्प्युटर सुरू केला तेव्हा तो चालू आहे की नाही हे बघायला मला दिवा पाहावा लागला. इतका तो शांत झाला होता. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, रॅम वाढवली, तर आरामात चालेल, असं दुकानदार म्हणाले. घरी नेमकं काम काय आहे, हेही त्यांनी विचारलं. मी माझं सांगितलं. ते म्हणाले, पुरेल. मग मी बहिणीचं सांगितलं. घरं उभी करायची, प्रकाश-सावली दाखवायची, तसलं. नंबर लागला तर पाच वर्षं तेच.

"त्याला हा नाही. त्याला दुसरा." त्यांनी पत्रा परत लावला. "आईंना सांगा, याला फक्त नमस्कार करायचा."

शिष्यवृत्तीतून साठवलेल्या पैशांत भाग बसवून घेतले आणि परत येताना बसमध्ये कॅबिनेट मांडीवर घेऊन बसलो. स्वारगेट येईपर्यंत माझ्या मनात एक वाक्य तयार झालं होतं. 'झाला चांगला, तांदूळ अडकले होते.' एवढंच. त्यात काही खोटं नव्हतं. बाबा खूश झाले असते, नव्याचा विषय संपला असता आणि नंबर लागला तर बहिणीने भिंती कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उभ्या केल्या असत्या. कितीतरी मुलं करतात. मी नाही का तीन वर्षं जुन्यावरच निभावलं? हे वाक्य मी घराच्या जिन्यापर्यंत नेलं.

घरी बाबा उठलेले होते. बहीण खाली बसून मेथी निवडत होती. मी कॉम्प्युटर जोडला, लावला आणि तांदळाचं सांगितलं. बाबा हसायला लागले ते थांबेनात. आई मात्र हसली नाही.

"म्हंजे माह्याच हातानं बिघडला म्हन."

"अवं, दरसाली जेवू घातलं तू त्याले," बाबा म्हणाले. "पोट फुगलं त्याचं."

"मंग काय उपाशी ठेवू?" आई म्हणाली आणि मग तिलाही हसू आलं.

हसणं ओसरल्यावर बाबांनी विचारलं, "म्हंजे नव्याचं काम नाही आता?"

बहिणीचे हात मेथीत थांबले. ती काही म्हणाली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. मला त्याचा फार राग आला. तिने मागितलं असतं तर मला नाही म्हणता आलं असतं, किंवा मोठेपणा घेऊन हो म्हणता आलं असतं. ती नुसती थांबली होती, आणि तिला पक्कं माहीत होतं की दादा बरोबर तेच सांगेल. ज्याच्याबद्दल असं पक्कं माहीत असावं असा माणूस मला आयुष्यात मिळाला नव्हता.

"मला हा पुरेल," मी म्हणालो. "तिला नाही पुरणार. तिचा नंबर लागला तर तिला नवा लागेल."

"अन् तुले?"

"सांगितलं ना. मला हा पुरेल."

दुसऱ्यांदा ते म्हणणं जास्त जड गेलं.

"अन् नंबर नाही लागला तं?"

"तर दोघांना हाच."

बाबांनी मान डोलावली. ठरलं. बहीण पुन्हा मेथी निवडायला लागली, आता भराभर.

त्यानंतर सगळं प्रवेशाच्या फेऱ्यांवर अवलंबून राहिलं. पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं, दुसरीतही नव्हतं. कॉलेजांचा पसंतीक्रम आम्ही दोघांनी मिळून भरला होता. वर पुण्याची सगळी कॉलेजं होती. सगळ्यात खाली तिने नागपूरचं एक टाकायला लावलं. इतकं लांब कशाला, असं मी म्हणालो होतो. "असू दे ना दादा, मावशी आहे तिथे," ती म्हणाली, आणि मी टाकलं. ते लागेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

या मधल्या दिवसांत ती मला लॅपटॉप दाखवायला लागली. घ्यायचा की नाही ते ठरायचं असताना कुठला घ्यायचा याची तिला घाई. एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला तो, दादा सांग ना. एक लॅपटॉप असा होता की त्याच्याकडे मी दोन वर्षं बघत होतो. त्याचा स्क्रीन, त्याचा कीबोर्ड, तो उघडताना होणारा आवाजसुद्धा मला व्हिडिओ बघून पाठ होता. कोणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून त्याची सगळी माहिती सांगितली असती. आणि नेमकं मला विचारलं गेलं, पण तिच्यासाठी. दुसरा कुठला सांगायचा म्हटलं तर सांगता आला असता. पण दुसरे वाईट होते. मी तोच सांगितला.

"बघ, मला पण हाच आवडला होता," ती म्हणाली.

मी म्हणालो, हो का.

शेवटच्या फेरीची यादी लागायच्या आदल्या दिवशी कॉलेजला जाताना वाटेतल्या देवळात गेलो. एरवी बाहेरूनच हात जोडतो, त्या दिवशी आत गेलो. तिचा नंबर लागू दे, असं म्हणायला गेलो होतो. समोर उभा राहिलो आणि ते शब्द येईनात. लागू देऊ नको, असंही म्हणालो नाही, एवढं मी नक्की सांगू शकतो. काहीच न मागता बाहेर आलो. दारातल्या काकूंनी प्रसाद दिला, तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी माझ्या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याचं सादरीकरण होतं. फोन बॅगेत ठेवून बॅगा प्रयोगशाळेच्या बाहेर ओळीने लावायच्या, असा नियम आहे. माझा नंबर उशिरा आला. जुन्या कॉम्प्युटरवर केलेलं सगळं नीट चाललं, मॅडमनी दोन प्रश्न विचारले आणि बरं आहे म्हणाल्या. मला आनंद व्हायला हवा होता. माझं सगळं लक्ष दाराबाहेरच्या बॅगेकडे होतं, आणि मी तिथे पोचायला उशीर करत होतो, हेही मला कळत होतं. वायर गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

बाहेर आलो तेव्हा फोनवर आईचे कॉल येऊन गेले होते. बहिणीचा एकही नव्हता. आई सहसा फोन करत नाही. बहिणीचा फोन नाही म्हणजे काय, हे मी आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर उभा राहून ठरवून टाकलं. नाही लागला. आणि मला हलकं वाटलं. खरंच वाटलं. दोघांना हाच, वेळा वाटून, नेहमीसारखं. मग मी आईला फोन लावला.

"जेवला का तू?" तिने विचारलं.

जेवलो नव्हतो, पण जेवलो म्हणालो. तिने माझं काम कसं झालं विचारलं, तेही सांगितलं. ती फार हळू बोलत होती, बाबा झोपलेले असताना बोलते त्याहून हळू. मागे नळाचा आवाज येत होता, म्हणजे ती मोरीत जाऊन बोलत होती.

"नंबर लागला पोरीचा," ती म्हणाली. "नागपूरले लागला. होस्टेलात राहा लागते म्हन्ते."

मी कट्ट्यावर खाली बसलो.

"आयकून रायला का? जिन्यात बसून हाये ती तुही वाट पाहात. बाबाले उठवू देत नाही, मलेही कोनाले सांगू देत नाही. म्हन्ते, आंधी दादाले सांगीन, मंग बाकीच्याइले. तू ये लवकर. अन् मी सांगितलं असं सांगू नोको तिले."